अपघात झाला, पाणी आणू नका

महाशिवरात्रीच्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याकडे जाणारे रस्ते भरून वाहतात. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते, म्हणून इथल्या स्नानाला आणि महादेवाच्या दर्शनाला मोठे मोल. एसटी, काळीपिवळी, मोटारी, तिघातिघांना घेऊन निघालेल्या दुचाक्या आणि ट्रॉलीत तणीस अंथरून अख्खे घर बसवलेले ट्रॅक्टर, सगळे एकाच दिशेने निघालेले असतात. त्यात चामोर्शी-आष्टी रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची भर. कुठेतरी धडक होतेच. मग जे घडते ते महाराष्ट्रात सगळीकडे सारखेच. दहा माणसे धावतात, दोघे जखमीला बखोटीला धरून बसवतात, एक जण तोंडावर पाण्याचा हबका मारतो, दुसरा बाटली ओठांना लावतो. जखमी म्हणतो, ‘‘मले काही नाही झालं जी, फक्त पाणी द्या.’’ पाणी पिऊन तो उठतो, चार पावले चालतोही. लोक सुटकेचा श्वास सोडतात. आणि कधी कधी तोच माणूस काही तासांनी दवाखान्याच्या वाटेवर दगावतो.

हे कोडे बहुतेक गावांनी पाहिलेले आहे. ज्याला धड खरचटलेही नव्हते तो गेला, आणि रक्ताने माखलेला वाचला. लोक म्हणतात, ज्याची त्याची वेळ. शरीरशास्त्राकडे याचे बरेच सरळ उत्तर आहे, आणि ते कळले की अपघाताच्या जागी काय करायचे याचा क्रम पाठ करावा लागत नाही, तो आपोआप सुचतो.

एका धडकेत तीन धडका

३ जून २०१४ची सकाळ महाराष्ट्राच्या लक्षात आहे. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. चौकात दुसरी मोटार त्यांच्या बाजूवर आदळली. ते मागच्या आसनावर होते. बाहेरून फारशी इजा दिसत नव्हती. त्यांनी पाणी मागितले, दवाखान्यात न्यायला सांगितले, आणि थोड्याच वेळात त्यांची शुद्ध हरपली. एम्समध्ये डॉक्टरांनी शर्थ केली, पण उपयोग झाला नाही. शवविच्छेदनात यकृताला झालेली इजा, पोटातला रक्तस्राव आणि मानेच्या मणक्याची दुखापत समोर आली.

आपण ‘धडक’ म्हणतो ती खरे तर एकामागून एक होणाऱ्या तीन धडकांची मालिका असते. पहिली गाडीची: ती झाडावर किंवा दुसऱ्या गाडीवर आदळून थांबते. त्या क्षणी आतला माणूस मात्र अजून गाडीच्याच वेगाने पुढे चाललेला असतो. तो स्टिअरिंग, दार किंवा पुढचे आसन यावर आदळतो, ही दुसरी. शरीर थांबले तरी आतले यकृत, प्लीहा, मेंदू, हृदय अजून थांबलेले नसतात. बैलगाडी चाकोरीत अडकून एकदम थांबली, तर घागर दोरीने बांधलेली असूनही तिच्यातले पाणी उसळून काठावर आपटते, तसे हे अवयव शरीराच्या आतल्या भिंतीवर आपटतात. ही तिसरी धडक. ती कातडीवर दिसत नाही.

सीटबेल्ट दुसरी धडक सौम्य करतो, आणि म्हणून तिसरीही. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागे कुणीच पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे, ही गोष्ट अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

तहान हे लक्षण आहे

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले पाऊण लिटर गेले तरी शरीर बाहेर काही दाखवत नाही. मेंदूला पुरवठा चालू राहावा म्हणून ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाचे ठोके वाढवते. दीड लिटरपर्यंत ही ओढाताण चालते. माणूस बोलतो, पत्ता सांगतो, मोबाइल शोधतो. त्यापुढे रक्तदाब कोसळतो आणि तो कोसळायला लागला की फार भराभर कोसळतो. मांडीचे मोठे हाड मोडले तर एक लिटरहून अधिक रक्त मांडीतच साचू शकते. पोटात आणि ओटीपोटाच्या हाडांभोवती याहून जास्त. जमिनीवर एक थेंबही सांडलेला नसतो.

रक्त कमी झाल्याची खबर हृदय आणि रक्तवाहिन्यांतल्या दाब ओळखणाऱ्या पेशी मेंदूला देतात. मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावर तयार होणारी संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश नेणारी रसायने, मेंदूतले तहानेचे केंद्र जागे करतात. शरीर पाणी मागते कारण नळ्यांमधला द्रव घटला आहे. म्हणजे अपघातानंतर जखमी माणसाने पाणी मागणे हे तो सावरल्याचे चिन्ह मानता येत नाही. गार पडलेली घामट कातडी, पांढुरके ओठ, नाडीची घाई, विनाकारण अस्वस्थपणा आणि तहान ही एकत्र दिसली, तर आत कुठेतरी रक्त वाहते आहे असेच धरून चालावे.

मग पाणी का द्यायचे नाही? पोटात गेलेले पाणी रक्तवाहिन्यांत पोचायला वेळ लागतो, आणि गळती चालू असेपर्यंत त्याचा उपयोगही नसतो. उलट शुद्ध हरपत चाललेल्या माणसाची गिळण्याची क्रिया बिघडते आणि पाणी श्वासनलिकेत उतरते. शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर भूल देताना भरलेले पोट उलटून तेच फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शेवटच्या घटकेला पाणी पाजणे हे आपल्याकडे पुण्य मानले जाते, त्यामुळे हात आखडणे जड जाते. ओला कपडा ओठांवरून फिरवावा. तेवढे पुरते.

डोक्याच्या माराचा फसवेपणा आणखी वेगळा. कानशिलाच्या आत कवटीला चिकटून एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकले की ती फाटते आणि कवटी व मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचू लागते. काही जण धडकेने क्षणभर बेशुद्ध होतात, मग पूर्ण शुद्धीवर येतात, हसतात, घरी जातात. साचलेल्या रक्ताचा दाब वाढत जातो आणि काही तासांनी झोपेत गुंगी वाढते. म्हणून डोक्याला मार लागून ज्याची शुद्ध थोडी जरी हरपली, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे भाग आहे. पहिल्या २४ तासांत वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. दारूच्या वासामुळे ‘पिऊन पडलाय’ म्हणून झोपू दिलेली कितीतरी माणसे अशीच गेली असतील.

आधी रस्ता, मग माणूस

हे सगळे कळूनही पहिले काम जखमीला हात लावण्याचे नाही. पहिले काम मागून येणाऱ्या गाड्या थांबवण्याचे.

ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर सरकते. चालकाला अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात ३३ मीटर सरले. कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत आणखी साधारण ३५ मीटर. एकूण ६८. रस्ता ओला, ट्रक खनिजाने भरलेला आणि वळणावर सागाची दाटी असेल तर हे अंतर कितीतरी वाढते. म्हणून लाल त्रिकोण गाडीला टेकवून ठेवण्यात अर्थ नसतो. तो किमान ५० मीटर मागे हवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. त्रिकोण नसेल तर ट्रकवाले करतात तेच करावे: झाडाच्या हिरव्या फांद्या रस्त्यावर टाकाव्यात आणि मोबाइलचा दिवा घेऊन कुणाला तरी लांब उभे करावे. दगड ठेवू नयेत. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि रात्री एखाद्या दुचाकीस्वाराला पाडतात.

गाडीचे इंजिन बंद, हँडब्रेक वर, चारही इंडिकेटर चालू. इंधनाचा वास येत असेल तर विडीवाल्यांना आधी दूर हाकलावे. न फुटलेल्या एअरबॅगसमोर डोके घालून आत वाकू नये, ती उशिराही फुटू शकते.

मग फोन. वैद्यकीय मदतीला १०८. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४पासून चालू आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीला ११२. जंगलपट्ट्यात ११२चा एक फायदा माहीत असावा: आपल्या सिमकार्डाला रेंज नसली, पण दुसऱ्या कुठल्याही कंपनीची तिथे असली, तर हा फोन त्या जाळ्यावरून लागू शकतो. ठिकाण सांगताना ‘चामोर्शीच्या पुढे’ एवढ्याने भागत नाही. कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. साकोली-गडचिरोली-आष्टी-सिरोंचा हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३५३ सी आहे, आणि मूल-सावली-गडचिरोली-धानोरा हा ९३०.

१४ ऑगस्ट २०२२च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माजी आमदार विनायक मेटे यांच्या मोटारीला अपघात झाला. मदत उशिरा पोचल्याच्या तक्रारीवरून तेव्हा राज्यभर गदारोळ उठला होता. राज्यातल्या एका अतिशय गजबजलेल्या रस्त्याची ही गोष्ट. आलापल्लीच्या जंगलात काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

चौकट: मोबाइलमध्ये साठवायचे क्रमांक
*रुग्णवाहिका १०८. पोलीस आणि सर्व तातडीची मदत ११२. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. वन्यप्राण्याशी धडक झाल्यास वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६. सांगायच्या गोष्टी याच क्रमाने: ठिकाण, जखमी किती, कुणी अडकले आहे का, कुणी बेशुद्ध आहे का. फोन आपण आधी ठेवू नये. पलीकडचा सांगेल तेव्हाच ठेवावा.*

हलवायचे की नाही

मानेच्या मणक्यांतून जाणारी मज्जारज्जू ही करंगळीएवढी जाड दोरी. श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसा याच मानेतून निघतात. मणका मोडला तरी मज्जारज्जू पुष्कळदा शाबूत असते. तिला तोडते ती बखोटीला धरून ‘ऊठ बाबा’ म्हणणारी ओढ. म्हणून आग, पाणी किंवा अंगावर येणारी वाहतूक असा धोका नसेल तर जखमीला जागेवरच ठेवायचे. एकाने दोन्ही हातांनी डोके जसे आहे तसे स्थिर धरायचे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडायचे नाही. कंटाळवाणे काम आहे, पण त्या घडीला तिथे याहून मोलाचे काम दुसरे नसते. दुचाकीस्वाराचे हेल्मेट श्वास अडत असेल तरच काढायचे, तेही दोघांनी.

याला एक मोठा अपवाद आहे. बेशुद्ध माणूस उताणा पडला की जीभ मागे सरकून घसा बंद करते, आणि तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर गुदमरायला काही मिनिटे पुरतात. घरघर ऐकू आली तर मानेच्या भीतीने गप्प बसणे चूक. तिघांनी मिळून डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवत त्याला कुशीवर वळवावे. श्वासच नसेल तर छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे.

वाहते रक्त थांबवायला हळद, माती, चहापत्ती काही नको. स्वच्छ दुपट्ट्याची घडी जखमेवर ठेवून तळहाताने सतत दाबायचे. ‘थांबलं का’ म्हणून दर मिनिटाला उचलून पाहिले की नुकतीच धरलेली गुठळी निघते. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवावी. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी करकचून बांधावी आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. तार किंवा सुतळी कातडीत रुतते, ती नको. शरीरात घुसलेली काच किंवा सळई उपसू नये, बहुतेक वेळा तीच रक्ताची वाट अडवून बसलेली असते.

रुग्णवाहिका येणारच नसेल, पावसाळ्यात रपट्यावर पाणी असेल, तर न्यावे तर लागतेच. या भागात माणसे खाटेवर घालून नेतात. खाट मध्ये झोळते आणि पाठ वाकते. दाराची फळी किंवा बाकड्याचा पाट मिळाला तर मणक्यासाठी बरा; डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावाव्यात.

तासाचे गणित

अमेरिकेत बाल्टिमोर इथले शल्यचिकित्सक आर. ॲडम्स काउली यांनी ‘सोनेरी तास’ ही कल्पना रुजवली: गंभीर जखमीला साठ मिनिटांत शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत न्या. साठ हा आकडा काही ब्रह्मवाक्य नाही. कुणाला वीसच मिनिटे मिळतात, कुणाला चार तास. पण आपल्या मोटार वाहन कायद्याने २०१९च्या दुरुस्तीत ‘सोनेरी तासा’चा इजेनंतरचा एक तास असाच अर्थ लिहून टाकला आहे.

आता नकाशा पाहा. मार्कंड्याच्या जवळ चामोर्शीचे ग्रामीण रुग्णालय. तिथून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय तीसेक किलोमीटर. मेंदूची शस्त्रक्रिया किंवा मोठा अपघात विभाग हवा असेल तर पुढे नागपूर, आणखी पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. तासाचे गणित इथे बसतच नाही. ७ ऑगस्ट २०२५च्या पहाटे गडचिरोली-आरमोरी रस्त्यावर काटलीजवळ व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने चिरडले. चौघांचा जीव गेला, आणि गंभीर जखमी दोघांना हेलिकॉप्टरने नागपूरला न्यावे लागले. हेलिकॉप्टर प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत पहिली दहा मिनिटे जे लोक जवळ असतात तेच खरे उपचार करतात: चहाटपरीवाला, तेंदूपत्त्याच्या फळीवरचे मजूर, एसटीचा वाहक. गावोगावच्या पोलीस पाटलांना आणि काळीपिवळीच्या चालकांना याचे तासाभराचे प्रशिक्षण देणे रस्त्याच्या चौपदरीकरणापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

खर्चाची भीती आता थोडी कमी झाली आहे. ५ मे २०२५ला केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातल्या कुठल्याही जखमीला, ठरवून दिलेल्या रुग्णालयात, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. गाडीचा विमा आहे की नाही हे त्यासाठी पाहायचे नाही. रुग्णालय यादीत नसेल तरी जखमीला स्थिर करण्याइतके उपचार या योजनेतून करता येतात. दाखल करताना ‘हा रस्ता अपघात आहे, योजनेत नोंद करा’ हे वाक्य मोठ्याने बोलले पाहिजे, कारण पोलिसांकडून अपघाताची खातरजमा झाल्यावरच पुढचे चाक फिरते.

‘पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार?’

गर्दीतली निम्मी माणसे हात मागे बांधून उभी असतात ती या वाक्यामुळे. भीती निराधार नव्हती. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. तिथे सांगितले गेले की पोलिसी प्रकरणे आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. जखमी वाटेतच गेला. परमानंद कटारा यांनी ही बातमी घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठले, आणि १९८९मध्ये न्यायालयाने ठणकावून सांगितले की आधी जीव वाचवा, कागद नंतर. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरला नाही म्हणता येणार नाही.

मदत करणाऱ्याला संरक्षण मिळायला मात्र आणखी पाव शतक लागले. ३० मार्च २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, मदतीत काही उणे राहून इजा वाढली तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. साक्षीदार होणे त्याच्या मर्जीवर. एप्रिल २०२५पासून ‘राह-वीर’ योजनेत, गंभीर जखमीला त्या पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला २५ हजार रुपयांचे बक्षीसही आहे. आधी ही रक्कम पाच हजार होती. बक्षिसासाठी कुणी धावत नाही हे खरे, पण दिवसाची मजुरी बुडवून जखमीबरोबर गडचिरोलीला गेलेल्या माणसाला ती रक्कम लहान नाही.

चालकाने पळावे का?

कायदा म्हणतो थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार ज्याच्या गाडीमुळे अपघात झाला त्याने जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना माहिती द्यायची, विमा कंपनीला लेखी कळवायचे. पण याच कलमात जमावाच्या रोषाचाही उल्लेख आहे. जमाव अंगावर येत असेल, थांबणे शक्य नसेल, तर चालकाने लवकरात लवकर, आणि उशिरात उशिरा २४ तासांत, जवळच्या ठाण्यात हजर व्हायचे. गडचिरोलीत दुर्गम भागात गावोगावी पोलीस मदत केंद्रे आहेत. तिथे गेलेला चालक आणि जंगलात गाडी टाकून पसार झालेला चालक यांच्याकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मृत्यू घडवून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यासाठी दहा वर्षांचे उपकलमही लिहिले गेले, पण जानेवारी २०२४च्या ट्रकचालकांच्या संपानंतर ते लागू न करता बाजूला ठेवण्यात आले.

‘आपसात मिटवून टाकू’

जखमी दवाखान्यात पोचला की दुसरी घाई सुरू होते. समोरच्या पक्षाचा कुणी पुढारी येतो, वीस-पन्नास हजार हातावर ठेवायची भाषा करतो आणि तक्रार न करण्याचा कागद पुढे सरकवतो. गरजेच्या घडीला ती रक्कम मोठी वाटते. ती किती लहान आहे, हे पाहायला भरपाई कशी मोजतात ते कळले पाहिजे.

समजा महिना १५ हजार कमावणारा तीस वर्षांचा गवंडी अपघातात गेला आणि घरात चार माणसे त्याच्यावर अवलंबून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांत ठरवून दिलेली रीत अशी: तो जगला असता तर कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के धरायचे, झाले २१ हजार. त्यातला स्वतःवरचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले १५,७५०. वर्षाचे १ लाख ८९ हजार. त्याच्या वयासाठी गुणक १७. गुणाकार ३२ लाख १३ हजार. विधी आणि इतर बाबींची रक्कम याच्या वर. चूक समोरच्या गाडीची ठरली आणि तिचा विमा असला तर हे पैसे विमा कंपनी देते, चालकाच्या खिशातून जात नाहीत.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. अपघात जिथे घडला तिथे किंवा दावेदार राहतो तिथेही तो दाखल करता येतो. नागपूरहून मार्कंड्याला आलेल्या कुटुंबाला गडचिरोलीला खेपा घालण्याची गरज नाही. २०२२पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. दाव्याला सहा महिन्यांची मुदत २०१९च्या दुरुस्तीने घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी शहाण्याने सहा महिनेच धरावेत. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार मिळतात. त्याचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा.

शेतकरी कुटुंबाला याशिवाय एक दार आहे, आणि त्याला नाव आहे गोपीनाथ मुंडे यांचेच. शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूसाठी दोन लाख रुपये आहेत, आणि रस्ता अपघात त्यात येतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत. तेरावे उरकेपर्यंत निम्मी मुदत सरते, म्हणून घरातल्या कुणीतरी सातबारा आणि पंचनाम्याची नक्कल आधीच गोळा करायला लागावे.

कागदांची सुरुवात घटनास्थळीच होते. गाड्या हलवण्यापूर्वी चार बाजूंनी फोटो, दोन्ही नंबरप्लेट, टायरच्या खुणा, किलोमीटरचा दगड. दवाखान्यात नोंद करताना ‘पडला’ असे मोघम लिहू देऊ नये, कुठल्या वाहनाने कधी आणि कुठे हे लिहून घ्यावे. त्या पहिल्या केसपेपरवरची एक ओळ दोन वर्षांनी उलटतपासणीत काढली जाते.

जत्रेच्या ट्रॅक्टरचे काय? इथे गोष्ट कटू आहे. ट्रॉली ही माल वाहायची गाडी. मालवाहू वाहनात फुकट बसून निघालेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात ठरवले. ट्रॉली उलटली तर भरपाईचा बोजा मालकावर पडू शकतो, आणि ट्रॅक्टरचा मालक म्हणजे पुष्कळदा जखमींचाच काका किंवा शेजारी. त्याच्यावर दावा कोण करणार?

समोर रोही आला तर

चंद्रपूर-मूल किंवा आष्टी-आलापल्ली रस्त्यावर समोरून दुसरी गाडीच येईल असे नाही. संध्याकाळी रानडुक्कर, रोही म्हणजे नीलगाय, चितळ रस्ता ओलांडतात. पावसाळ्यात गुरे कोरड्या, उबदार डांबरावर बसून राहतात. चालकाची पहिली उबळ स्टिअरिंग फिरवण्याची असते, आणि प्राण्याला चुकवताना गाडी झाडावर जाऊन माणसे मरतात. पट्टा लावून, सरळ रेषेत, जोरात ब्रेक दाबणे हाच त्यातला कमी वाईट मार्ग.

धडक झालीच तर प्राण्याजवळ जाऊ नये. जखमी रानडुक्कर किंवा बिबट निपचित दिसला तरी उठून चावा घेतो. १९२६वर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवावे. मेलेला प्राणी गाडीत टाकून नेणे, मांस वाटून घेणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. चुकून मेलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता ठरतो. वनरक्षक पंचनामा करतो. त्याची प्रत मागून घ्यावी, कारण गाडीच्या नुकसानीचा दावा करताना विमा कंपनीला तो कागद दाखवता येतो. फक्त त्यासाठी पॉलिसी सर्वसमावेशक हवी. रस्त्यावर निघण्यापुरती सक्तीची जी तृतीय पक्षाची पॉलिसी असते, तिच्यात रोह्याने फोडलेल्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही.